बाबासाहेबांनी सोसले म्हणून आपल्या मुलांनी सोसावे काय?

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याची इंग्रजी पहिलीत नोंद झाली. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. आमच्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांतही त्या दिवशी भाषणे होतात. बाबासाहेबांनी लहानपणी किती हाल सोसले ते सांगितले जाते, मुले टाळ्या वाजवतात, कार्यक्रम संपतो. या भाषणांतून आपण मुलांना नेमके काय शिकवतो, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर एका अशिलामुळे आली.

काही वर्षांपूर्वी एका वाडीतले बौद्ध आईवडील माझ्याकडे आले. मुलगा नववीत. शाळेचे नाव काढले की त्याचे पोट दुखायचे. दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. शेवटी कळले की वर्गातली चार-पाच पोरे त्याला जातीवरून आणि आरक्षणावरून रोज चिडवत होती. सायकलची हवा सोडत, डबा लपवत, कबड्डीत कोणी त्याला आपल्या बाजूला घेत नसे. शाळेने ही पोरांची गंमत आहे असे सांगून विषय मिटवला. आणि आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मुलाची समजूत घातली की बाबासाहेबांनी याच्या शंभरपट सोसले, तू एवढ्याने खचू नकोस. मुलगा काही बोलला नाही. दहावीला तो बसलाच नाही.

त्या कार्यकर्त्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्याने बाबासाहेबांचे चरित्र अर्धेच वाचले होते. ते पूर्ण वाचले पाहिजे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि तेथून साताऱ्याला आले. १८९६ मध्ये आई भीमाबाई गेल्या. मुलांना आत्या मीराबाईंनी सांभाळले. अशा पोरक्या, हट्टी आणि हुशार मुलाला शाळेने काय दिले? बसायला वेगळी जागा. तीही घरून नेलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावायला तयार नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. साताऱ्यात न्हावी मिळत नसे असे नव्हे, पण या मुलाचे केस कापायला कोणी तयार नव्हता. ते काम घरी बहिणीने केले.

१९०१ मध्ये वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. सुट्टीत त्यांना भेटायला बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि भाचे असे सगळे मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली. जात कळताच तोच माणूस मागे सरला. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही पोरांनीच गाडी हाकायची आणि आपण पायी चालायचे या अटीवर. रात्रभर मुलांना पाणी मिळाले नाही.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गणित सोडवायला गुरुजींनी त्यांना फळ्याजवळ बोलावले. फळ्यामागे मुलांचे डबे होते. ते बाटतील म्हणून सारा वर्ग धावत सुटला आणि डबे बाजूला फेकले गेले. संस्कृत शिकायचे होते, पण गुरुजींनी नकार दिला म्हणून पर्शियन घ्यावे लागले.

आता कायद्याच्या माणसासारखा एक प्रश्न विचारतो. येथे आरोपी कोण? डब्यांकडे धावलेली पोरे काय? त्या पोरांच्या डोक्यात विटाळ कोणी भरला? गोणपाट वेगळे ठेवण्याचा शिरस्ता पोरांनी केला नव्हता, नळावर शिपाई पोरांनी नेमला नव्हता. मोठ्यांनी घालून दिलेल्या नियमाचीच मुले मधल्या सुट्टीत नक्कल करत होती. आजही बुलिंग हा शब्द वापरून आपण ते केवळ वयाचे खूळ समजतो. एक पोरगा दुसऱ्याला उंचीवरून चिडवतो आणि एक पोरगा दुसऱ्याला जातीवरून चिडवतो, यात फरक आहे. दुखते दोघांनाही. पण दुसऱ्याच्या मागे अख्खे गाव उभे असते.

अशी पोरे मोठी होतात तेव्हा काय होते, तेही याच चरित्रात आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्रथमच ते इतर विद्यार्थ्यांच्या बरोबरीने बसले, जेवले, वावरले. १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तर शिपाई लांबून फायली फेकू लागले, आणि पारशी सराईतून त्यांना लाठ्या दाखवून बाहेर काढले गेले. १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर सहकारी प्राध्यापकांना त्यांनी आपल्याबरोबर एका भांड्यातले पाणी पिणे खपेना. म्हणजे वर्गात ज्याला कोणी अडवले नाही, तोच पुढे कचेरीतला आणि स्टाफरूममधला साहेब होतो.

आणि ज्याच्यावर ते गुदरते त्याचे काय? मोठेपणी, जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवल्यानंतरही बाबासाहेबांनी वेटिंग फॉर अ व्हिसा या आठवणींमध्ये ते गोणपाट, तो नळ आणि तो गाडीवान बारकाव्यांसह लिहून ठेवला. इतका थोर पुरुष ते विसरला नाही, तर नववीतल्या पोराने विसरावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

बाबासाहेब टिकले ते सोसण्याच्या बळावर टिकले, हा समज चुकीचा आहे. त्यांच्या पाठीशी माणसे उभी होती. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजी सुभेदार स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग अभ्यासासाठी मुलाला उठवत. पुस्तकांसाठी त्यांनी मुलींचे दागिने गहाण टाकले. साताऱ्यात पेंडसे गुरुजींनी पावसात भिजलेल्या या मुलाला आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने आंघोळ घालवली. आंबेडकर आडनावाच्या गुरुजींनी आपल्या डब्यातले जेवण दिले. १९०७ ची मॅट्रिक पास झाल्यावर केळुसकर गुरुजींनी सत्कारात बुद्धचरित्र हाती ठेवले, आणि पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळवून द्यायलाही तेच धावले. एक बाप, दोन-तीन गुरुजी, एक पुस्तक. एवढ्यावर एक मूल वाचले.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाबासाहेबांनी पुढच्या पिढीला सोसायला सांगितले नाही. आम्ही भोरचे लोक दोन गावांच्या मधोमध राहतो. एका बाजूला सातारा, दुसऱ्या बाजूला वरंधा घाट उतरला की महाड. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला नळाला हात लावू दिला नाही, त्याने २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारोंना सोबत घेऊन चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा आणि पाठोपाठ सोलापूरचे वसतिगृह, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. आपल्या मुलांना मान वर करून शिकता यावे म्हणून त्यांनी संस्था उभारल्या. आणि संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता पाळणे हाच गुन्हा ठरवला. हे चरित्राचे उरलेले अर्धे पान आहे.

हे पान आपण वाचले नाही तर काय होते, ते २२ मे २०१९ रोजी दिसले. मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने जीव दिला. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन सीनियर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. पायल डॉक्टर झाली होती. म्हणजे शिक्षण घेतले की छळ थांबतो, हेही खरे नाही.

कायदा आज आपल्या हातात आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ मध्ये आला. शारीरिक किंवा मानसिक त्रास देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली पाहिजे, आणि त्याने दुर्लक्ष केले तर तो गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. जातीवरून चारचौघांत अपमान झाला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. त्रास देणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाते. तेथे त्याला सुधारण्याचा विचार होतो, आणि तो व्हायलाही हवा. शेवटी तेही कोणाचे तरी लेकरूच आहे.

पण कायद्याची पायरी नंतरची. आधी घरात आणि विहारात मूल बोलले पाहिजे. तोंडी तक्रारीवर थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पालक सभेला एकटे जाऊ नका, वस्तीतली चार माणसे घेऊन जा. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांना विचारा की शाळेत कोण बोलते, कोण बोलत नाही, डबा कोणाबरोबर खातात.

माझ्याकडे आलेल्या त्या आईवडिलांना मी लेखी अर्ज करून दिला होता. तो शाळेत पोहोचला तोवर मुलाने दप्तर माळ्यावर टाकले होते. आता तो शिरवळला कंपनीत हेल्परचे काम करतो. त्याला उशीर झाला, तो आपल्यामुळे. येत्या ७ नोव्हेंबरला भाषण करणाऱ्या प्रत्येकाने आधी आपल्या वस्तीतले असे एक मूल शोधावे, आणि त्याच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत चालत जावे.

जयभीम!