माइल्स जोसेफ बर्कली

माइल्स जोसेफ बर्कली (१ एप्रिल, १८०३ – ३० जुलै, १८८९) हे इंग्लिश धर्मोपदेशक व कवकवैज्ञानिक होते. वनस्पतींच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास सुरू करणाऱ्यांत त्यांची गणना होते. कॉफीवरील तांबेरा रोगाच्या कवकासाठी ‘हेमिलेया’ या नव्या प्रजातीची स्थापना त्यांनी केली.

जीवन

बर्कली यांचा जन्म इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशर परगण्यात झाला. रग्बी येथील शाळेत व केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि किंग्ज क्लिफ या खेड्यात दीर्घकाळ वास्तव्य केले. कवकांचा अभ्यास त्यांनी चर्चची जबाबदारी सांभाळून केला. १८६८ पासून ते सिबरटॉफ्ट येथे होते. तेथेच त्यांचे निधन झाले.

बटाट्यावरील करपा

१८४५ मध्ये आयर्लंडसह युरोपात बटाट्याचे पीक करप्याने नष्ट झाले. रोगट पानांवरील बुरशी हा कुजण्याचा परिणाम आहे, असे जॉन लिंडली यांच्यासारखे अनेक तज्ज्ञ मानत होते. बुरशी हेच रोगाचे कारण आहे, असे प्रतिपादन बर्कली यांनी १८४६ मध्ये केले. जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांच्या प्रयोगांनी ते पुढे सिद्ध झाले.

हेमिलेया प्रजाती

सिलोनमधील (आताचे श्रीलंका) कॉफीच्या झाडांची पाने गळू लागल्यावर पेराडेनिया वनस्पती उद्यानाचे संचालक थ्वेट्स यांनी रोगट पानांचे नमुने बर्कली यांच्याकडे पाठविले. पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटीसारखे ठिपके होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत मूत्रपिंडाच्या आकाराचे बीजाणू दिसतात. त्यांची बहिर्गोल बाजू खरबरीत, तर दुसरी गुळगुळीत असते. पर्णरंध्रांतून ते झुबक्यांनी बाहेर येतात. ज्ञात प्रजातींपैकी कोणत्याही प्रजातीत हे कवक बसत नसल्याने बर्कली व त्यांचे सहकारी ब्रूम यांच्या नावे १८६९ मध्ये नवी प्रजाती प्रसिद्ध झाली. ‘हेमिलेया’ म्हणजे अर्धवट गुळगुळीत. ‘व्हास्टाट्रिक्स’ हे जातिनाम विध्वंस करणारी या अर्थाचे आहे. हे नाव सार्थ ठरले. पुढील दोन दशकांत सिलोनमधील कॉफीची लागवड ढासळली व तिची जागा चहाने घेतली. हा रोग दक्षिण भारतातील कॉफीच्या मळ्यांतही पसरला.

इतर कार्य व सन्मान

बर्कली यांनी सुमारे ६,००० नव्या कवक जातींचे वर्णन केले. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजावरील सफरीत गोळा केलेली कवकेही त्यांनी अभ्यासली. १८६३ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे रॉयल पदक मिळाले. १८७९ मध्ये ते या संस्थेचे सदस्य झाले व त्याच वर्षी त्यांनी आपला नऊ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह क्यू येथील वनस्पती उद्यानास दिला.