बिलरोथ आणि जठराची अरुंद वाट

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून आलेले रुग्ण आता अलिबाग, मुरुडकडेही दिसतात. ऑपरेशन मुंबईत होते. पण महिना-दीड महिन्याने घास अडकू लागला, उलट्या सुरू झाल्या, की ते जवळच्या सरकारी रुग्णालयात येतात. ही तक्रार समजून घ्यायची, तर ज्यांनी पोटातली ही जोडणी प्रथम यशस्वी करून दाखवली, त्या सर्जनची ओळख करून घ्यायला हवी.

थिओडोर बिलरोथ यांचा जन्म २६ एप्रिल १८२९ रोजी बाल्टिक समुद्रातील र्‍युगेन बेटावर झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा पाच वर्षांचा असतानाच ते वारले. बिलरोथ यांचा जीव संगीतात रमे, पण आईच्या आग्रहाखातर ते वैद्यकाकडे वळले. बर्लिनला लांगेनबेक यांच्या हाताखाली तयार होऊन ते १८६० मध्ये झुरिकला आणि १८६७ मध्ये व्हिएन्नाला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. संगीत मात्र सुटले नाही. थोर संगीतकार ब्राम्स त्यांचे जिवलग मित्र होते.

त्या काळी पोट उघडणे म्हणजे बहुधा मृत्यूच. बिलरोथ यांनी घाई केली नाही. जठराचा तुकडा काढून टोके शिवता येतात का, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कुत्र्यांवर तपासले. शिवाय आपल्या विभागातील मृत्यू आणि अपयश न लपवता छापण्याची त्यांची शिस्त होती.

२९ जानेवारी १८८१ रोजी त्यांनी तेरेझा हेलर या ४३ वर्षांच्या बाईंवर शस्त्रक्रिया केली. कर्करोगाने जठराचे खालचे तोंड इतके अरुंद झाले होते की आंबट दुधाखेरीज पोटात काही टिकत नव्हते. याआधी दोन सर्जनांनी असा प्रयत्न केला होता. दोघांचेही रुग्ण दगावले होते. बिलरोथ यांनी सुमारे दीड तासात रोगट भाग काढला आणि उरलेले जठर आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला जोडले. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, जेवू लागल्या. सुमारे चार महिन्यांनी पसरलेल्या कर्करोगाने त्या गेल्या.

१८८५ मध्ये बिलरोथ यांनी जठर लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडण्याची दुसरी पद्धत वापरली. पुढे अल्सरच्या असंख्य रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. जठर लहान झालेल्या या रुग्णांचे वजन घटते, हे लक्षात घेऊन अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी बायपास सुरू केली. आजच्या बायपासचे मूळ असे बिलरोथ यांच्या टाक्यांपाशी पोहोचते.

जोडणी आली की तिची जखम भरणे आले. भरताना व्रण आकसतो आणि खाडीचे मुख गाळाने बुजावे तशी वाट अरुंद होते. बायपासनंतर हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडते. आधी भाकरी आणि मटण अडकते, मग मऊ भात, शेवटी पेज आणि पाणीही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत अशी जोडणी नसते, तरी जठराची नळी वळणापाशी अरुंद होऊ शकते. बहुतेकांना दुर्बिणीतून फुगा घालून वाट रुंद करता येते. कधी हे दोन-तीनदा करावे लागते. पुन्हा ऑपरेशनची गरज क्वचितच पडते.

धोका आहे तो उशिराचा. आठवडेभर उलट्या होत राहिल्या तर शरीरातले ब-१ जीवनसत्त्व संपत येते. डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणे, चालताना झोक जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी ब-१ चे इंजेक्शन द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ऑपरेशन झाल्याचे डॉक्टरांना आधी सांगा आणि त्याची कागदपत्रे सोबत आणा.

बिलरोथ ६ फेब्रुवारी १८९४ रोजी एड्रियाटिक किनाऱ्यावरील ओपातिया येथे निवर्तले. अपयश लपवू नये, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवले. रुग्णांनीही ते घ्यावे. आपणच जास्त खाल्ले असेल, असे समजून पुष्कळजण उलट्या घरात लपवतात. पाणीही टिकत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.