पंडिता रमाबाई : अनंतकाळाकडे नजर ठेवून जगलेलं आयुष्य

विद्यार्थी मित्रांनो, 'देवावर श्रद्धा ठेवणारा माणूस' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? डोळे मिटून बसलेला, जगाच्या भानगडींपासून लांब गेलेला माणूस, हो ना? ज्याला परलोकाची ओढ लागली त्याला या लोकाची काय पर्वा, असंही आपण सहज म्हणून जातो. आजच्या पाठात आपण जिचं जीवन पाहणार आहोत, त्या बाईने हा समज पार खोटा ठरवला. पंडिता रमाबाई यांची नजर कायम अनंतकाळावर होती, आणि हात मात्र कायम मातीत, धान्यात, छापखान्याच्या शाईत होते.

रानातलं बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. त्या काळात बाईने संस्कृत शिकणं म्हणजे अधर्म समजला जाई. तरीही शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. पुढे आईनेच लहानग्या रमेला शिकवलं. पुराणातले हजारो श्लोक तिला तोंडपाठ होते.

हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं, पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर गुजराण करायचं. मग दुष्काळ आला. १८७४ मध्ये आधी वडील गेले, थोड्याच काळात आई गेली आणि मोठी बहीणही गेली. आईचं प्रेत उचलायला पुरेशी माणसंसुद्धा मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासने दिला आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, म्हणून तिला आपली बाजू डोक्यावर घ्यावी लागली. जरा थांबा आणि विचार करा. सोळा-सतरा वर्षांची उपाशी मुलगी आईला अशी पोचवून येते. तिच्या मनात कोणते प्रश्न उठले असतील?

एक प्रश्न, जो सुटेना

भाऊबहीण पायी फिरत फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरव केला. सगळीकडे नाव झालं. पण मनातला प्रश्न काही सुटत नव्हता. धर्मग्रंथ वाचताना त्यांना जाणवलं, की इतर बाबतीत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत. स्त्रीला स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही. पतीची सेवा हाच तिचा धर्म.

म्हणजे बघा, प्रश्न शाळेचा नव्हता, हक्कांचाही नव्हता. प्रश्न होता अनंतकाळाचा. देवाच्या दारात बाईला, शूद्राला, टाकून दिलेल्या विधवेला स्वतःची अशी जागा आहे की नाही?

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्हं मूल, माहेरचं कोणी उरलेलं नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिक्षिका हव्यात आणि बायकांना स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी तिथे ठामपणे मांडलं.

उत्तर कुठे मिळालं?

१८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण झालं नाही. पण वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहताना त्यांनी एक वेगळीच गोष्ट पाहिली. समाजाने 'पतित' म्हणून हाकललेल्या बायकांना या जोगिणी जवळ घेत होत्या, त्यांची सेवा करत होत्या. असं का, याचा शोध घेताना त्यांना शुभवर्तमानातली येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट भेटली. लोक जिच्याशी बोलायचं टाळत, तिच्याशी विहिरीच्या काठी बसून येशू देवाच्या उपासनेबद्दल बोलतो. रमाबाईंना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे सापडलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण लक्षात घ्या, त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. मठातल्या वडीलधाऱ्या जोगिणींशी त्यांचे सिद्धांतांवरून कडक वाद झाले. आपण देवाला उत्तर द्यायचं आहे, कुठल्या अधिकाऱ्याला नाही, अशी त्यांची भूमिका होती. साधं पांढरं लुगडं आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही.

दोन्ही बाजूंनी टीका

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालक मुलींना घरी घेऊन गेले. हिंदूंना त्या परक्या वाटल्या. काही ख्रिस्ती मंडळींना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत. लोकांच्या पसंतीवर जगणारा माणूस अशा वेळी मोडून पडतो. रमाबाई टिकल्या. याच सदनातल्या गोदूबाईंशी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला, हेही विसरू नका.

केडगावचं 'मुक्ती'

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि भुकेने सांगाडा झालेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांना ठेवायचं कुठे? पुण्यात तेव्हा प्लेगचे दिवस. पुण्याजवळ केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती. तिथे आधी राहुट्या उभ्या राहिल्या, मग विहिरी खोदल्या, मग इमारती झाल्या. या जागेचं नाव ठेवलं 'मुक्ती'. जो मोक्ष बाईला नाही असं त्यांनी तरुणपणी वाचलं होतं, तोच शब्द त्यांनी टाकून दिलेल्या मुलींच्या घरावर लिहिला!

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तिथली संख्या सुमारे २००० वर गेली. प्रार्थना रोज होतीच. पण त्याबरोबर शेती, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, गोठा आणि छापखाना, सगळं बायका चालवत. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती. का बरं एवढा आटापिटा? कारण रमाबाईंच्या हिशेबात यातली एकही मुलगी 'दुष्काळातली एक' नव्हती. देवाने जिला कायमचं आपलं म्हटलं आहे, तिला अक्षर यायला हवं, तिला स्वतःच्या पायावर उभं राहता यायला हवं. अनंतकाळाचा विचार त्यांना माणसांपासून दूर नेत नव्हता. एकेका माणसाची किंमत तो वाढवत होता.

शेवटचं काम

आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी एका कामाला वाहिली. खेड्यातल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणायचं. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं ही कामं मुक्तीतल्या बायकाच करत.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. मनोरमाबाई शिकलेल्या, कर्तबगार, आईचा उजवा हात. आपल्यामागे संस्था त्याच सांभाळतील असं सगळ्यांनी धरलं होतं. रमाबाईंचं शेवटचं रक्ताचं माणूस गेलं. तब्येत खालावलेली होती. तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. ते हातावेगळं करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. छापून पूर्ण झालेलं बायबल त्यांना पाहायला मिळालं नाही. ते १९२४ मध्ये बाहेर आलं.

आपण काय घ्यायचं?

मित्रांनो, तुमचा धर्म कोणता का असेना, या जीवनातून एक गोष्ट नक्की घ्या. रोज रात्री स्वतःला विचारा, मी आज जे केलं त्यातलं काय टिकणार आहे? मार्क, कौतुक, लोकांची नावं ठेवणं, यातलं फारसं काही टिकत नाही. पण शेजारच्या बाकावर एकट्या पडलेल्या मुलीला तुम्ही आपल्या डब्यात वाटेकरी करून घेतलं, तर ते टिकतं. आपल्या हयातीत फळ दिसणार नाही हे माहीत असूनही एखादं काम प्रामाणिकपणे केलं, तर तेही टिकतं.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. दौंडच्या बाजूला कधी जाणं झालं, तर जरूर भेट द्या.

सरावासाठी प्रश्न : रमाबाईंनी आपल्या संस्थेला 'मुक्ती' हेच नाव का दिलं असावं? तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळी लिहा.