चाळिशीतला फर्स्ट इयरवाला

मी सेकंड इयरला असताना माझ्या बाबांनी व्ही.आर.एस. घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. वय पंचेचाळीस, त्यातली बावीस वर्षं लेथवर काढलेली. आम्हाला वाटलं, आता बाबा दुसरी नोकरी बघतील, नाहीतर एखादं झेरॉक्सचं दुकान टाकतील. बाबांनी काय करावं? आलेल्या पैशातून एक सेकंडहँड कॅमेरा आणला आणि सांगून टाकलं की आता मी शूटिंग शिकणार!

हॉस्टेलच्या जिन्यात उभा राहून मी आईशी फोनवर भांडलो. माझी फी, मेसचं बिल, धाकटीची बारावी, आणि त्यात हे काय खूळ? आईने सगळं ऐकून घेतलं आणि जेवलास का एवढंच विचारलं.

त्याच आठवड्यात सबमिशन होतं. लायब्ररीत जर्नल लिहून कंटाळा आला म्हणून मराठीच्या कपाटातून एक पुस्तक ओढलं. निघालं दादासाहेब फाळक्यांचं चरित्र. मी नाशिकचा. पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक शाळेच्या सहलीत पाहिलेलं, पण खरं सांगायचं तर तिथलं कारंजं आणि डब्यातली पुरीभाजी एवढंच लक्षात होतं. पुस्तक उघडलं आणि जर्नल तसंच राहिलं.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे पंडित. मुलाने मात्र मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, तिथून बडोद्याचं कलाभवन गाठलं. चित्रकला शिकला, फोटोग्राफी शिकला. पुढे गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं, आणि स्टुडिओही सुटला. मग काय काय केलं बघा. जादूचे प्रयोग केले, तेही स्वतःचं आडनाव उलटं करून, प्रोफेसर केळफा या नावाने! पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशीच्या वाऱ्यात सोडून दिली. छापखाना काढला, १९०९ मध्ये रंगीत छपाईसाठी जर्मनीला जाऊन आले. छापखाना चांगला चालत होता, पण भागीदारांशी बिनसलं आणि तोही सोडला. म्हणजे वय चाळीस, घरात बायको-मुलं आणि हातात काही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दरवर्षी ब्रँच बदलणारा आणि डिग्री काही न मिळालेला विद्यार्थी.

अशा वेळी गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण हलायला लागले. घरी आले ते ठरवूनच, की आपल्या देशात आपण चित्रपट काढायचा.

ठरवणं सोपं आहे हो, पण शिकवणार कोण? ना कॉलेज, ना क्लास. फाळक्यांनी मिळेल तो चित्रपट बघायला सुरुवात केली. रोज पडदा बघायचा, घरी येऊन प्रयोग करायचे, झोपेच्या नावाने बोंब. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. काही काळ दिसायचंच बंद झालं! औषधोपचाराने दृष्टी परत आली, तेव्हा कुठे पुढची तयारी सुरू झाली.

मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट पकडली. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना जाऊन भेटले. त्यांनी आधी या धंद्यात पडू नका असंच सुचवलं. पण हा गृहस्थ ऐकत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थने आपला स्टुडिओ सगळा उघडून दाखवला. जेमतेम दोन आठवड्यांची ही इंडस्ट्रियल ट्रेनिंग! पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची आणि भोकं पाडायच्या यंत्राची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये स्वारी मुंबईत परत.

आता मेकॅनिकलवाल्यांनी जरा लक्ष द्या. ३५ मि.मी. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात, त्यात कॅमेऱ्याचे दात अडकतात आणि फिल्म एकेक चौकट पुढे सरकते. एका चौकटीला एका बाजूला चार, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून आठ भोकं. फाळक्यांकडे आलेली फिल्म कोरी, बिनभोकांची. एका फुटात सोळा चौकटी बसतात आणि पुढे झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३७०० फुटांचा होता. मी जर्नलच्या मागच्या पानावर हिशेब केला. पावणेपाच लाख भोकं! तीही फक्त तयार चित्रपटाच्या लांबीची, वाया गेलेली फिल्म वेगळीच. अंतर सूतभर चुकलं तर पडद्यावर चित्र नाचणार. हे काम अंधारात करायचं, कारण उजेड लागला की फिल्म संपली. आणि ते करत होत्या सरस्वतीबाई, फाळक्यांच्या पत्नी.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो.

फाळक्यांनी एकदम हरिश्चंद्राला हात घातला नाही, हेही मला इथेच कळलं. आधी एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त दिवस थोडंथोडं चित्रण केलं. बी रुजतं, कोंब येतो, वेल चढते, हे सगळं मिनिटभरात! ही त्यांची पहिली फिल्म. यात नट नको, कपडे नकोत, चुकलं तर वाटाण्याला राग नाही. पण तेवढ्यात फिल्म भरणं, हँडल फिरवणं, उजेडाचा अंदाज, धुणं, छापणं असा सगळा सिलॅबस पूर्ण झाला. ही फिल्म बघून कर्ज द्यायला माणसं तयार झाली. उरलेली भर सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी घातली.

मग दादरला घरातच कारखाना सुरू झाला. बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनी कॅमेरा शिकवला आणि चित्रण त्यांच्या हाती दिलं. काल शिकलेला माणूस आज मास्तर! तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या, फिल्म धुवायच्या, आणि उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळके तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते.

पुस्तक वाचताना मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट जाणवली. फाळके शून्यातून शिकले असं आपण म्हणतो, पण ते काही खरं नाही. चित्रकलेतून पडदे आणि देखावे आले, फोटोग्राफीतून उजेड आणि रसायनं आली, छापखान्यातून यंत्राशी दोस्ती आली, आणि पडद्यावर चमत्कार करायला प्रोफेसर केळफा कामाला आले. वाया गेलेली वाटणारी वीस वर्षं वायाच गेली नव्हती. शून्य नव्हतं, फक्त बेरीज केलेली नव्हती.

पुढचं सगळं गोड आहे असं मात्र नाही. फाळके नाशिकला आले, १९१७ चा ‘लंकादहन’ तुफान चालला, १९१८ मध्ये भागीदारीत कंपनी निघाली. पुन्हा भागीदारांशी खटके उडाले, काही काळ ते काशीला जाऊन राहिले. मग बोलपट आला आणि त्यांचं शिक्षण जुनं झालं. तरी १९३७ मध्ये कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा बोलपट केलाच, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा हाती फारसं काही नव्हतं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. म्हणून चाळिशीत उडी मारा, सगळं ठीकच होतं, असं मी कुणालाही सांगणार नाही. घरच्यांची काळजी खोटी नसते. सरस्वतीबाईंचे दागिने खरे होते.

दिवाळीत घरी गेलो. बाबा आता लग्नांमध्ये सेकंड कॅमेरामन म्हणून जातात. मुख्य कॅमेरामन पोरगा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बाबा त्याला सर म्हणतात. मला आधी ते ऐकून कसंतरी झालं. मग बाबांनी त्यांचं शूटिंग दाखवलं. काम साधंच होतं, पण कॅमेरा कुठेही हलत नव्हता. बावीस वर्षं लेथवर मायक्रॉनचा हिशेब ठेवलेला हात होता तो. तेव्हा आईने हळूच सांगितलं की गल्लीतल्या बारशाचं शूटिंग उद्या बाबांनी एकट्याने घेतलंय, पण लाईट धरायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मी लाईट धरून उभा होतो. हात भरून आले. बाबा मध्येच वळून जरा वर घे म्हणायचे आणि मी घ्यायचो. फीचं काय करायचं ते अजून पूर्ण ठरलेलं नाही. पण आता फोन केला की मी आधी विचारतो, पुढचं शूटिंग कधी आहे?