पदव्यांमागचा जमाखर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावापुढील पदव्या जयंतीच्या सभांतून आवर्जून वाचून दाखविल्या जातात. त्या ऐकताना एक बुद्धिमान तरुण परदेशी गेला, एकामागून एक परीक्षा उत्तीर्ण होत गेला आणि कीर्ती मिळवून परतला, असा समज होतो. वस्तुतः १९१३ मध्ये सुरू झालेले हे शिक्षण पूर्णत्वास जावयास १९२७ साल उजाडले. विलंब झाला तो अभ्यासात उणीव होती म्हणून नव्हे, तर मुख्यतः गाठीला पैसा नव्हता म्हणून. पदव्यांचा गौरव करताना हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव पदवीधर झाले आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार निवर्तले. घरचा आधार तुटला असता बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. महाराजांचे औदार्य निर्विवाद होय. तथापि ही निव्वळ देणगी नव्हती. शिक्षण संपताच दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाचा सहवास लाभला आणि तो स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. जातीचा प्रश्न न विचारता एका पंक्तीत जेवता येते, ग्रंथालयात हवे ते पुस्तक हाती घेता येते, हा अनुभव त्यांना तेथेच प्रथम मिळाला. शिष्यवृत्तीची मुदत ठाऊक असल्यामुळे त्यांनी एकही सत्र वाया जाऊ दिले नाही. अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र होतेच. सार्वजनिक आयव्ययाचे थोर अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ मध्ये एम. ए. झाले, मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध त्यांनी चर्चासत्रात वाचला आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. परंतु १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा मात्र त्यांनी मिळवून ठेवली होती. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती पाणतीराने बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके तिच्याबरोबर गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्यास रुजू झाले. न्यूयॉर्क आणि लंडन येथे राहून आलेल्या या अधिकाऱ्याला बडोदे शहरात भाड्याची खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाचे काही झाले नाही. अर्थशास्त्रात शिक्षणाला भांडवली गुंतवणूक म्हणण्याचा प्रघात आहे. बडोद्याने या तरुणावर अशी गुंतवणूक केली आणि तिचे फळ हाती आले तेव्हा राजधानीतील एका खोलीअभावी ते गमावले. दोष महाराजांच्या हेतूचा नव्हता. राजाज्ञेने शिष्यवृत्ती देता येते, शेजार देता येत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. मागे मुंबईत रमाबाई ओढग्रस्तीचा संसार रेटीत होत्या; या शिक्षणाच्या खर्चात त्यांच्या उपासांची बेरीज कोणत्याही वहीत नाही. लंडनला अर्धपोटी राहून सकाळपासून ब्रिटिश म्युझियमचे दार बंद होईपर्यंत वाचन चाले.

१९२१ मध्ये एम. एस्सी. पदरात पडली. डी. एस्सी.साठी त्यांनी विषय घेतला तो रुपयाच्या प्रश्नाचा. सुवर्ण विनिमय पद्धतीचा पुरस्कार केन्स यांच्यासारख्या पंडिताने केला होता. या विद्यार्थ्याने तिच्याविरुद्ध मत मांडले. या पद्धतीत रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहत नाही, चलन फुगविण्यास सरकारला मोकळीक मिळते, असा त्यांचा आक्षेप होता. महागाईत मजुराची मजुरी मागे राहते आणि व्यापाऱ्याचा नफा पुढे जातो, हे त्यांनी पुढे हिल्टन यंग आयोगापुढेही सांगितले. विनिमयाचा दर हा केवळ पेढीवाल्यांचा विषय नाही, हे त्या काळी ओळखणारे थोडे होते. परीक्षकांनी प्रबंधात फेरफार सुचविले. तोवर पैसा संपला होता. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस आले, येथे बसून प्रबंध सुधारून धाडला आणि वर्षअखेरीस तो मान्य झाला.

कोलंबियाची पीएच. डी. अद्याप बाकीच होती. प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्याखेरीज ती मिळत नसे आणि छपाईला पुन्हा पैसा हवा. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून निघाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची होती आणि ग्रंथ अर्पण केला होता सयाजीराव महाराजांना. पदवी जून १९२७ मध्ये बहाल झाली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्या वेळी अडीच महिने झाले होते.