दीर्घिकांचा जीवनक्रम उलगडणाऱ्या बिअट्रिस टिन्सली

दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांचा विराट समूह. या दीर्घिकाही काळानुसार बदलत जातात, हे गणिताने दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये बिअट्रिस टिन्सली यांचे स्थान अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म २७ जानेवारी १९४१ रोजी इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. बालपणीच त्या कुटुंबासह न्यूझीलंडला गेल्या. तेथे भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण घेतल्यावर १९६३ मध्ये त्या पतीसमवेत अमेरिकेतील डॅलस येथे आल्या. खगोलशास्त्राच्या अभ्यासासाठी तेथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर असलेल्या ऑस्टिन येथील विद्यापीठात ये-जा करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी विश्वाच्या प्रसरणाचा अभ्यास करताना प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिकांची तेजस्विता जवळजवळ स्थिर मानली जाई. टिन्सली यांनी या गृहीतकालाच आव्हान दिले. अधिक वस्तुमानाचे निळसर तारे आपले इंधन लवकर संपवतात, तर लहान, तांबूस तारे दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे नव्या ताऱ्यांची निर्मिती थांबली, की दीर्घिका हळूहळू मंद आणि तांबूस होते. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश फार पूर्वी निघालेला असल्याने ती आपल्याला तिच्या तरुणपणातील रूपात दिसते. हा फरक लक्षात घेतला नाही, तर तिच्या अंतराचा अंदाज चुकतो. काही ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी या निष्कर्षाला विरोध केला. परंतु टिन्सली आपल्या मतावर ठाम राहिल्या. पुढे तो सर्वमान्य झाला.

संशोधनाचा हा मार्ग सुकर नव्हता. दोन दत्तक मुलांचे संगोपन करताना त्यांना डॅलसमध्ये योग्यतेचे पद मिळाले नाही. अखेर विवाहविच्छेदानंतर, मुलांचा विरह पत्करून, १९७५ मध्ये त्या येल विद्यापीठात रुजू झाल्या. दीर्घिकांच्या परस्परांवरील प्रभावामुळे ताऱ्यांच्या निर्मितीला अकस्मात वेग येतो, हे त्यांनी रिचर्ड लार्सन यांच्यासह १९७८ मध्ये मांडले. त्याच वर्षी त्या येलमधील खगोलशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना कर्करोगाने गाठले. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लेखन केले. २३ मार्च १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दीर्घिकेच्या प्रकाशावरून तिच्यातील ताऱ्यांचे वय आणि घडण ओळखण्याच्या आजच्या पद्धतींचा पाया टिन्सली यांच्या कार्याने भक्कम केला. आयुष्य अल्प लाभले, तरी अब्जावधी वर्षांचा इतिहास वाचण्याची दृष्टी त्यांनी जगाला दिली.