पंडिता रमाबाई : केडगावची हातांची शाळा

मुलांना दानधर्म कळावा म्हणून आपण त्यांच्या वाढदिवसाला अनाथाश्रमात फळं वाटतो. फळं आपण आणलेली, पैसे बाबांचे, मुलाचा वाटा फोटोपुरता. पंडिता रमाबाईंना हे काही पटलं नसतं. त्यांना त्याचं कारण लहानपणीच कळलं होतं.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष पत्करला आणि गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. विद्यार्थी, यात्रेकरू, आला-गेला, सगळ्यांना तिथं जेवण. या आतिथ्यापायी कर्ज झालं, घर सुटलं आणि सारं कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. उरलंसुरलंही दानात गेलं. पुढे दुष्काळ पडला तेव्हा पुराणं मुखोद्गत होती, पण पोटापुरतं मिळवून देईल असं हाताचं काम कुणालाच येत नव्हतं. मजुरी करणं कमीपणाचं वाटे. आई-वडील आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली. विद्येचा आणि जातीचा अभिमान आड आला, असं रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवलंय.

१८८२ मध्ये त्या विधवा झाल्या. पदरात लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं दोघी मायलेकींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लंडनजवळ फुलहॅमला त्यांनी एक काम पाहिलं. समाजानं टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळत होत्या. ही माया येते कुठून, असं त्यांनी विचारलं आणि उत्तरादाखल त्यांना येशू व शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली. ती त्यांच्या मनात कायमची रुतली.

नंतर अमेरिकेत त्या किंडरगार्टन शिकल्या. कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम यांतून लहान मुलांना शिकवायची ही पद्धत. एवढी मोठी पंडिता लहान पोरांसारखी घड्या घालत बसली, हे मला फार आवडतं!

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. सदन पुण्याला आलं आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून वादळ उठलं. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीनं खंगलेल्या मुली घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. उपाशी पोर आधी ओढून घ्यायला शिकतं, देणं त्याला कुठून सुचणार? म्हणून सदनातल्या थोरल्या मुलींनी नव्यांना न्हाऊ-माखू घातलं, भरवलं. त्या धाकट्या सावरल्या की त्यांच्याही हाती काम आलं. हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना. १९०० च्या दुष्काळानंतर मुलींचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या जणींचं अन्न-वस्त्र नुसत्या देणग्यांवर भागलं नसतं, पुष्कळसं त्यांनीच पिकवलं, विणलं, शिवलं.

आणि मनोरमा? तिच्या वाट्याला आई कधी एकटीची आलीच नाही. दुसरी पोर रुसून बसली असती. ही अमेरिकेत ब्रेल शिकून आली, मुक्तीतल्या अंध मुलींना वाचायला शिकवू लागली. या मुली टोपल्याही विणू लागल्या. आता त्यांच्याही हातचं काही दुसऱ्याच्या उपयोगी पडू लागलं.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात बुडालेल्या होत्या. लेकीचं दुःख गिळून त्यांनी ते काम संपवलं आणि ५ एप्रिल १९२२ ला डोळे मिटले. त्या बायबलचे खिळे जुळवले, पानं छापली, ती मुक्तीतल्याच बायकांनी.